जवाईबापूंची खुर्ची

उभ्या यवतमाळ जिल्ह्यात बसण्याचा इतका तिटकारा असलेला आणि तरी जन्मभर बसवला गेलेला दुसरा माणूस कुणी दाखवला, तर मी मिशी उतरवून देईन. आमचे आतोबा, म्हणजे माझ्या चुलत आत्याचे मालक, पैनगंगेपलीकडून मारेगावाजवळच्या आमच्या गावात घरजावई म्हणून आले, त्याला चाळीस वर्षं झाली. गावची लेक केली म्हणजे अख्ख्या गावाचा जावई! त्यामुळे शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्यांना 'जवाईबापू' म्हणायचे आणि ते दिसले रे दिसले की खुर्ची पुढे सरकवायचे. घरच्या वावरात राबायची मोकळीक होती. पण गावच्या कामाला जावयाने हात लावला की गावाची अब्रू गेलीच. त्यांचं खरं नाव मलाही ठाऊक नव्हतं.

आणि माणूस कसा, तर अंगात भिंगरी! खुर्चीत टेकले की गुडघे हलायला लागत. पंगतीत वरण येईपर्यंत तीनदा उठून येत. एकदा मारेगावहून वणीला जाताना अर्धी एसटी रिकामी, तरी हे आपले दांडी धरून उभे. कंडक्टर वैतागला, "बसा ना बाबाजी, एवढी जागा कायले ठेवली?" "चाळीस वर्सं बसूनच तं राह्यलो," म्हणाले, आणि वणीपर्यंत उभेच गेले.

नाल्याच्या श्रमदानात तर त्यांनी फावडंच पळवलं. चार जण धावले. "जवाईनं माती उचलली तं लोक आमाले काय म्हनतीन?" कडुनिंबाखाली खुर्ची, हातात चहा. गाव जेवायला गेलं तेवढ्यात पठ्ठ्याने दोन हात नाला खणून टाकला! लोक परत आले, त्यांनी तेवढा तुकडा बुजवला आणि स्वतः पुन्हा खणला. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्यांचा सगळा जीव होता दिवाळीतल्या दंडारीत. नाच, सोंगं, ढोलकी, आणि हे पहिल्या रांगेत, अर्थातच खुर्चीवर, खाली पाय ठेका धरून वेडेपिसे झालेले. "एक डाव मले नाचू द्या ना गा," दरवर्षी विनवायचे. म्हातारा ढोलकीवाला दरवर्षी हात जोडायचा, "दंडारीले गावचा मानूस लागते, जवाईबापू. तुमी पाह्याचं, आमी नाचाचं."

मग बोंडअळीची सालं आली. पऱ्हाटी उभी दिसायची आणि बोंडात कापूस नसायचा. तरणी पोरं सुरतेला, पुण्याला गेली, मीही गेलो. एका दिवाळीला ढोलकी उरली आणि नाचायला पाय उरले नाहीत. तेव्हा तोच म्हातारा आतोबांच्या दारात येऊन म्हणाला, "उठा आता, जवाईबापू."

दुपारी आतोबा रिंगणात आले ते पाठीला दोराने प्लास्टिकची खुर्ची बांधूनच! फावडं धरायला जात, कुणी ओरडे "बसा!", की धपकन बसत, ढोलकीवर थाप पडे. मयताला खांदा द्यायला धावत, "बसा!", पुन्हा धपकन. बायाबापड्या हसून हसून डोळे पुसत होत्या. आमची आत्या मात्र हसत नव्हती. मग त्यांनी दोर सोडला, नाचत नाचत लोकांत आले आणि खुर्ची नेमकी माझ्यासमोर ठेवली. मी सकाळच्याच बसने उतरलेला, पायात नवे बूट.

"या पाहुणे, बसा. कोन गावचे?"

"इथलाच ना, आतोबा!"

"इथं तं मी रायतो. तुमाले कदी पाह्यलं नाई बा."

गाव फुटून हसलं. मीही हसलो आणि बसलो. हात देऊन उठवतील असं वाटलं, पण ते परत रिंगणात गेले. तेवढ्यात ढोलकीवाल्याने त्यांना हाक मारली, नावाने, आणि तीही अरे-तुरेत: "वा रे माह्या गड्या! नाच!" चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आतोबांचा उचललेला पाय खाली आला आणि तो भिंगरीचा माणूस मिनिटभर नुसता उभा राहिला, हललाच नाही. मग असा नाचला की काय सांगू!

आता मी दिवाळीला गेलो की खुर्ची माझ्यापुढे सरकते. मी मुकाट्याने बसतो. त्यांचं नाव मला त्या दिवशी कळलं. पण इथे लिहीत नाही. त्या नावाने त्यांना गावच्या माणसाने हाक मारायची. मी पडलो पाहुणा.