चित्रात आई नव्हती

लढाई संपून दोन वर्षं होत आली होती. भिंगारच्या छावणीतले गोरे अधिकारी बिऱ्हाडं आवरून विलायतेला निघाले होते. त्यांतल्या एकाने जाताना आमच्या शाळेला दोन मोठी तैलचित्रं देऊन टाकली. मी नगरच्या त्या शाळेत चित्रकला शिकवायचो. पंचेचाळिशी उलटली होती आणि कशाचाच उत्साह उरला नव्हता. हेडमास्तर म्हणाले, "बघा, भिंतीवर लावण्यासारखं काही आहे का." माझ्या मनात आलं, आणखी एक काम.

पहिल्या चित्रात रानातल्या झऱ्यावर अंघोळ करणारी ग्रीक देवी होती. तिला चोरून पाहणाऱ्या शिकाऱ्याच्या डोक्याला हरणाची शिंगं फुटत होती. हेडमास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिलं, "ही बाई वर्गात नको" म्हणाले, आणि ते चित्र नकाशांच्या कपाटामागे गेलं.

दुसरं चित्र कुणा जुन्या डच चित्रकाराच्या कामाची नक्कल होती. वरचं रोगण पिवळं पडलं होतं. मी कापसाच्या बोळ्याने हळूहळू पुसत गेलो, तसा एक म्हातारा बाप दिसू लागला. देवाने मागितलं म्हणून तो स्वतःच्या मुलाचा बळी द्यायला निघालेला. लाकडांवर मुलाला हात बांधून आडवं केलेलं. बापाने एका पंजाने त्याचं सगळं तोंड दाबून धरलेलं. मागून आलेल्या देवदूताने बापाचं दुसरं मनगट पकडलंय, आणि सुरा हातातून सुटून अधांतरी आहे.

चौकट खिळखिळी झाली होती, म्हणून आमच्या नेहमीच्या सुतारचाचांना बोलावलं. त्यांनी चित्राकडे जेमतेम पाहिलं आणि ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

"मास्तर, ह्ये आमचे पैगंबर हायेत. त्यांची तसबीर आमी बघत न्हाई."

"मग राहू द्या चाचा, दुसऱ्या कुणाला सांगतो."

"चौकट करतो की. पाठीमागनं करतो." खिळे ठोकता ठोकता ते म्हणाले, "बकरी ईद ह्याच्याचसाठी असती. पोराच्या जागी दुंबा आला, मेंढा. तुमच्यात न्हाई का असं काई?"

"आहे. चिलया बाळ."

"त्यो वाचला?"

"शेवटी वाचला. पण आधी आईला त्याचं डोकं उखळात कांडावं लागलं."

चाचांचा हात थांबला. "आईला?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी मी डबा घरी विसरलो. माझी बायको शाळेत कधी येत नसे, पण त्या दिवशी डबा घेऊन आली. मधली सुट्टी होती, चित्रकलेच्या खोलीत मी एकटाच होतो. चित्र टेबलावर उभं होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग मी तिला गोष्ट सांगितली.

"याची आई कुठंय?" तिने विचारलं.

"चित्रात नाही."

"तिला सांगून निघाला होता का हा?"

मी स्टुलावर बसलो.

आमचा एकुलता एक मुलगा एकोणिसाव्या वर्षी फौजेत कारकून म्हणून भरती झाला होता. तेव्हा ती बहिणीच्या बाळंतपणाला राहुरीला गेली होती. भरतीच्या कचेरीत मीच त्याला घेऊन गेलो. तो गेल्यावर राहुरीला कार्ड टाकलं. पुढे तो ब्रह्मदेशात मारला गेल्याची तार आली. त्यानंतर आम्ही दोघांनी त्या भरतीच्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नव्हता.

"मी तुला मुद्दामच कळवलं नाही," मी म्हणालो. "तू त्याला जाऊ दिलं नसतंस."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"कार्डावर तारीख होती की. तो गेल्यानंतरची."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? रोज शाळेतून येऊन भिंतीला टेकून बसत होता तुम्ही." तिने डब्याचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं. "फार राग होता मला. आता दमले."

तिने रडावं, निदान चिडावं, असं मला वाटत होतं. तेवढ्यात घंटा झाली, मुलं आत आली आणि ती पदर सारखा करून निघून गेली. त्या तासाला मी मुलांना मातीचा रांजण काढायला सांगितला आणि खिडकीशी उभा राहिलो. डबा तसाच राहिला.

उन्हं उतरताना घरी पोचलो. तिने मुलाची पत्र्याची ट्रंक ओढून मधल्या घरात आणली होती. सदरे, धोतरं, शाळेतला लोकरी गळपट्टा, सगळं जमिनीवर पसरलेलं.

"कुणाला तरी उपयोगी पडतील," ती म्हणाली. "दुपारपासून आवरतेय, पण एकटीने होत नाही. या, बसा इथं."

मी टोपी काढून खुंटीला लावली आणि तिच्यासमोर बसलो. तिने सदऱ्याच्या बाह्या जुळवून माझ्याकडे दिल्या. मी घडी घातली.