सात पौंडांचं मूल

ओपीडी संपेपर्यंत रजनी बाकावर बसून राहिली. सगळ्या बायका गेल्यावर तिनं एक निनावी पत्र माझ्यापुढं ठेवलं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरातल्या एका प्रसूतिगृहात मी इन्चार्ज सिस्टर होते. रजनी एका शिक्षक जोडप्याची दत्तक मुलगी, जन्म आमच्याकडचाच. हे तिच्या आईवडिलांनी तिला सांगितलेलं होतं. एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाशी, श्रीकांतशी, तिनं स्वतः लग्न जमवलं होतं. पत्र त्याच्या घरी आलेलं. रजनीची जन्मदाती त्या घरात स्वयंपाकाला होती, एवढंच त्यात होतं. बाप कोण, ते लिहायची गरज नव्हती.

"सिस्टर, मला तिचं नाव नको," रजनी म्हणाली. "श्रीकांत माझा भाऊ लागतो का, तेवढं सांगा."

आमच्या डॉक्टरबाईंनी जुनं रजिस्टर कुणाला दाखवायचं नाही म्हणून बजावलं. दाखवत नाही, वाचते, असं सांगून मी कपाट उघडलं.

लग्नाआधी बाळंत होणाऱ्या मुलीचं रजिस्टरात खोटं नाव घालत, वर 'सौ.' लावून. गाव मात्र खरं, कारण जिल्ह्याच्या तक्त्यात गाव लागे. खरं नाव फक्त ड्युटीवरच्या सिस्टरला ठाऊक. त्या दिवशी ड्युटी माझी होती. नोंद दिवाळीनंतरच्या आठवड्यातली, गाव अकलूज. मुलगी, वजन सात पौंड, पूर्ण दिवसांची.

वीकली ऑफला मी एसटीनं अकलूज गाठलं. रजनीची जन्मदाती तिथं एका वसतिगृहात भाकऱ्या करत होती. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह. तिनं मला लगेच ओळखलं. त्या कापड व्यापाऱ्याच्या घरी कधी लागलीस, असं मी सरळ विचारलं.

"धाकल्या मालकांच्या लग्नाला माणसं कमी पडली, तवा मावशीनं धाडलं. आखितीच्या आठवड्यात. त्याच्या आदी मी ते घर बघितलंबी न्हवतं." मग म्हणाली, "जातानाच पोटात हुतं की, बाई. तितल्या कुणाचं न्हाई ते."

अक्षय तृतीया ते दिवाळी म्हणजे सहा महिने. सहा महिन्यांचं मूल सात पौंडांचं भरत नाही. त्या काळी ते जगतही नसे.

मी उठले. तिनं विचारलं, "नाव काय ठिवलं तिचं?"

नियमात बसत नाही, मी म्हणाले. "बरं," म्हणून ती पुन्हा काटवटीपुढं बसली.

श्रीकांतनं काकांची लग्नपत्रिका घरातून शोधून आणली. त्याच सालच्या आखितीची होती. मी ओपीडीच्या चिठ्ठीवर हिशेब मांडून दिला, आईचं नाव न घालता. तो त्याच्या वडिलांनी दोनदा वाचला म्हणे. वैशाखात रजनी-श्रीकांतचं लग्न झालं. मी हजेरी लावून ड्युटीवर परतले. अकलूजला कळवायचं माझ्या मनातही आलं नाही.

दोन वर्षांनी ऑफिसला चुना मारायचा म्हणून भिंतीवरची नियमांची फ्रेम उतरवली. पुसता पुसता वाचली. 'मूल कोणत्या घरी दिले ते जन्मदात्रीस सांगू नये.' मुलाचं नाव सांगू नये, असं कुठंच नव्हतं.

पुढच्या ऑफला मी अकलूजला गेले. सुट्टीत ती काम सोडून गेली होती. कुठं, ते कुणाला सांगता येईना. परतीची गाडी मिळायला तीन तास होते. स्टँडवर बसून राहिले.

नियम पाळण्याआधी एकदा वाचावा. मी चोवीस वर्षं ऐकीव पाळला.