थावरीबाईच्या बांधावर

योहानराव गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावर साबण तसाच, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "आत्ताच?" निरोप घेऊन आलेला चर्चचा चौकीदार माझ्याकडे बघतच राहिला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की तीन दिवसांनी आम्हा दोघांना धारची बस पकडायची होती आणि नेमक्या याच वेळी साहेबांनी मला एकट्याला सोडून दिलं होतं. अशा वेळी माणसाला रडू येतं म्हणतात. मला राग आला. महिना उलटला तरी तो उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

योहानराव, म्हणजे आमचे साहेब, मंडळीचे पाळक होते. मंडळी म्हणजे इंदुरातली मराठी ख्रिस्ती माणसं... कुणी रेल्वेत, कुणी मिलच्या ऑफिसात, दोन-चार नर्सबाया. मी मंडळीचा चिटणीस, राहायला स्नेहलतागंजात, शाळेत भूगोल शिकवतो. पंधरा वर्षं या माणसाबरोबर काढली आणि पंधरा वर्षं डोकं धरून बसलो. अर्ध्या तासाचा उपदेश म्हणायचे आणि सव्वा तास बोलायचे. घरी त्यांच्या बायकोची, मार्थाबाईंची, कढी थंड होऊन जायची. सभेत मान डोलवायची आणि बाहेर पडून नेमकं उलट करायचं, हा तर त्यांचा धंदाच. तोंडावर सांगितलं तर हसून म्हणायचे, "चिटणीस, तुम्ही बरोबर आहात." मग काय बोलणार, कपाळ!

पण ज्या एका गोष्टीपायी त्यांनी मला खरोखर जेरीस आणलं, ती धारच्या पुढच्या एका भिलांच्या गावची. मध्यप्रदेश तेव्हा नवा नवा झाला होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूर रुसून बसलं होतं आणि जो तो आदिवासींच्या उद्धाराला निघाला होता. सरकार जीप घेऊन, आम्ही कांबळी घेऊन. दर वर्षी नाताळ झाला की आठवड्याभरात आम्ही पंधरा-वीस जण पेटी, ढोलकी आणि कांबळ्यांचे गठ्ठे घेऊन तिथं जायचो, गाणी म्हणायचो, कांबळी वाटायचो, संध्याकाळी परत. त्या गावातला पहिला बाप्तिस्मा वेस्ता नावाच्या माणसाचा. योहानरावांचा त्याच्यावर फार जीव होता. तो पावसाळ्यात तापानं गेला. आम्ही नाताळानंतर पोचलो तो काय, वेस्ताच्या शेताच्या बांधावर एक दगड उभा. घोड्यावर बसलेला माणूस कोरलेला, वर चंद्र-सूर्य, पायथ्याशी महुड्याच्या दारूचा ओला डाग. भिलांत मेलेल्या माणसाच्या नावानं असा दगड लावतात, त्याला गाता म्हणतात. वेस्ताच्या बायकोनं, थावरीबाईनं, तो लावला होता.

साहेबांचं डोकंच फिरलं. "माझा वेस्ता ख्रिस्ती होता! त्याच्या नावानं दारू?" असं ओरडले आणि म्हणाले, पाडा. आमच्यातल्या चौघांनी दगडाला खांदा लावला आणि आडवा केला. त्या चौघांत मी होतो. हे लिहायला नको वाटतं, पण होतो. थावरीबाई दहा पावलांवर उभी होती. मग आम्ही (लाज वाटते सांगायला) ठरल्याप्रमाणे कांबळी वाटायला लागलो, आणि तीही रांगेत आली. तिनं कांबळं घेतलं, चालत बांधाकडं गेली आणि त्या आडव्या पडलेल्या दगडावर ते नीट, चारी बाजूंनी दाबून पांघरलं... झोपलेल्या माणसावर पांघरतात तसं. पेटी वाजवणाऱ्याचे हात थांबले. परतीच्या बसमध्ये योहानराव इंदुराअलीकडचं बेटमा येईपर्यंत तोंडावर रुमाल धरून बसले होते.

पुढं मंडळीनं जे केलं ते आमच्यासारख्यांनाच सुचावं! पंचकमिटी बसली. चूक झाली, भरपाई केली पाहिजे, यावर सगळे एकमत. मग काय, मल्हारगंजातल्या कारागिराकडून संगमरवराची पाटी करवली. मधोमध क्रूस, खाली वेस्ताचं नाव, आणि त्याच्याखाली पाटी देणाऱ्या सात जणांची नावं, हुद्द्यांसकट. वेस्ताचं नाव एक ओळ आणि आमची सात! योहानरावांनी पाटी बघितली आणि विचारलं, "थावरीबाईला काय हवं, हे कुणी विचारलं?" खजिनदार म्हणाले, "त्यात विचारायचं काय, साहेब? संगमरवर आहे." ती पाटी गेलीच नाही. अजून चर्चमागच्या नळाशी पडून आहे आणि चौकीदाराची बायको तिच्यावर धुणं आपटते. तेवढाच काय तो उपयोग.

दुसऱ्या वर्षी साहेबांनी दौरा बंद केला. कांबळी नाहीत, पेटी नाही, गाणी नाहीत. "आपण दोघंच जाऊ," म्हणाले. दोघंच का, तर चिटणीसाचाही खांदा लागला होता ना! गेलो. गावकऱ्यांनी गाता कधीच पुन्हा उभा केला होता. त्या गावाची रीत अशी, की घरं टेकड्याटेकड्यांवर एकेकटी, आणि परक्यानं घरात घुसायचं नाही. शेताच्या बांधावर थांबायचं, हाक मारायची, बोलावलं तर आत जायचं. आम्ही पूर्वी सरळ अंगणात पेटी टेकवायचो, विचारतो कोण! या वेळी साहेब बांधावर थांबले आणि हाक मारली. "थावरीबाई, योहान आयो. माफी मांगवा आयो." ती अंगणात धान्य पाखडत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि पाखडत राहिली. आम्ही उन्हं कलेपर्यंत बसलो, उठलो, बस धरली.

वाटलं, झालं, सुटलो. कसलं सुटतोय! पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. दर वर्षी बांध, हाक आणि दिवसभर बसणं. मी वैतागायचो, "अहो, आत जा, पाय धरा तिचे आणि मोकळे व्हा!" ते म्हणायचे, "बोलावलं नाही ना." मंडळीत लोक हसायला लागले. कमिटीत एकानं विचारलं, पाळकांनी वर्षातला एक दिवस धुऱ्यावर बसून घालवायचा, हे कुठल्या कामात मोडतं? उत्तर मला द्यावं लागलं. साहेब आपले खिडकीबाहेर बघत बसले होते. एक गोष्ट मात्र कबूल करतो. चौथ्या-पाचव्या वर्षापासून येणारीजाणारी माणसं आमच्याशेजारी टेकायला लागली. कुणी बिडी पुढं करायचं, कुणी पटवाऱ्याची तक्रार सांगायचं, कुणी वेस्ताच्या लहानपणच्या खोड्या. वेस्ताला पोहता येत नव्हतं आणि तो बढाया मारायचा, हे मला तिथं कळलं. बाप्तिस्मा देऊन आम्हाला त्याच्याबद्दल एवढंसुद्धा माहीत नव्हतं. साहेब त्यांची बोली शिकले, मोडकीतोडकी. उपदेश तर त्यांनी तिथं एकदाही केला नाही, आणि तो माणूस न बोलता दिवसभर बसू शकतो हे मंडळीतल्या कुणालाही खरं वाटलं नसतं.

थावरीबाईनं मात्र आठ वर्षांत एकदाही बोलावलं नाही. त्यांच्या मनाला ते लागून राहिलं होतं. गुडघे गेले होते, छातीत दुखायचं, मार्थाबाई हात जोडून सांगायच्या, नका जाऊ. नाताळच्या संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो तर पांघरुणात बसून म्हणाले, "या खेपेला बोलावेल बघा, चिटणीस. एकदा आत जाऊन पाणी प्यायलो की झालं." आणि मी... माझ्या जिभेला हाड नाही... मी म्हटलं, "नाही बोलवायची, साहेब. आठ वर्षांत नाही बोलावलं, आता काय बोलावणार?" ते हसले. तुम्ही बरोबर आहात, हे या वेळी म्हणाले नाहीत. आमचं शेवटचं बोलणं ते.

दफन झालं, आणि ठरलेल्या दिवशी मी एकटाच बसमध्ये चढलो. जायचं काही कारण नव्हतं. घरात बसवेना, एवढंच. बांधावर थांबलो, हाक मारली. थावरीबाईनं पाहिलं, माझ्या मागं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. "वो कां?" तो कुठंय, म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. पदरानं हात पुसले, भिंतीला उभी केलेली खाट आडवी टाकली आणि म्हणाली, "आव."

माझा तोल सुटला. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. बांधावरूनच ओरडलो, "अब बुलाती हो? आठ साल वो आदमी इधर बैठा रहा, एक बार आव कहने में तुम्हारा क्या जाता था? मर गया वो!" ती शांतपणे बांधापर्यंत चालत आली. गात्याच्या पलीकडं उभी राहिली आणि म्हणाली, "बुलई लेती तो पाछो कायको आवतो?"

बोलावलं असतं, तर पुन्हा कशाला आला असता! मग तिनं बोटांवर मोजून दाखवलं. कांबळीवाले आले, देऊन गेले. जीपवाले आले, लिहून घेऊन गेले. कुणी माफीसुद्धा मागून गेलं असतं. सगळे जायलाच येतात, म्हणाली. एकटा हाच दर साल परत येत होता, मग त्याला आत घेऊन मोकळं कशाला करायचं? मला तिचा राग आला, साहेबांचा आला, माझा तर आलाच. आणि तिथं, त्या घोडेस्वाराच्या दगडाशी, मी पोरासारखा रडलो.

तिनं पुन्हा खाटेकडं हात केला. मी पाहिलं. चार पावलांवर होती. जाऊन बसलो असतो, पाणी प्यायलो असतो, की सगळं आटोपलं असतं. मी मान हलवली. "आता नाही, बाई. अगले साल." ती म्हणाली, "तो बेठ वठेज," मग बस तिथंच, आणि सूप उचलून पाखडायला लागली. मी तिथंच बसलो. माझा खांदा त्या दगडाला लागला होता, तेव्हा मलाही कमीत कमी आठ वर्षं तरी इथं बसायची आहेत. पाळक मेला, पण चिटणीसाची सुटका काही केली नाही त्यानं.