लाल दिव्याचा धक्का

सिंगापुरात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन कामं असतात. एक ऑफिसचं, ते माझं पाया लेबारला आहे. दुसरं गाइडचं, आणि ते कुणी विचारून दिलेलं नसतं. कुणाचा मावसभाऊ येतो, कुणाची नणंद येते, बायकोच्या मैत्रिणीची जाऊ तर न कळवताच येते, आणि सगळ्यांचं 'सिंगापूर दाखवा' असतं. सुरुवातीला मी कुरकुर करायचो. मग लक्षात आलं, की घरात माझं बोलणं कुणी ऐकत नाही आणि पाहुण्याला मात्र पळून जायची सोय नसते. तेव्हापासून मी हे काम मनापासून करायला लागलो.

माझी टूर ठरलेली आहे. आधी भूगोल. विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर, म्हणून वर्षभर एकच ऋतू आणि वर्षभर एकच तक्रार. देशातलं सर्वांत उंच शिखर म्हणजे बुकित तिमाहची टेकडी. पर्वतीची सवय असलेल्या माणसाला तिथे घाम येतो तो उकाड्याने, चढाने नाही. मग इतिहास. सुमात्राकडच्या एका राजपुत्राला या बेटावर एक जनावर दिसलं. तो म्हणाला सिंह. सिंह इथे कधीच नव्हता, फार तर वाघ असेल, पण राजपुत्राला सांगणार कोण? झालं, सिंहपूर. पुढे इंग्रज आले, त्यांनी बंदर बांधलं, मधे जपानी येऊन गेले, मग मलेशियाबरोबर संसार मांडला आणि तोही मोडला. एकत्र कुटुंबातून वेगळं काढलेल्या भावाने ईर्षेने बंगला बांधावा, तसा हा देश उभा राहिला. जागा कमी पडली तर समुद्रात भराव घातला. म्हणून बीच रोडवर उभं राहिलं तर बीच दिसत नाही. हे सगळं मी मरलायनसमोर, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं शेपूट असलेल्या इथल्या प्रसिद्ध पुतळ्यासमोर, उभा राहून, पाण्याकडे हात करून सांगतो. फोटोत तो हात फार छान येतो.

गेल्या ऑगस्टमध्ये सासूबाई आल्या. त्या हर्णैच्या. घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसतो. मी पुण्याचा, नदी पाहायची तर पुलावरून, तीही नाकाला रुमाल लावून. तरी विमानतळापासून तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटपर्यंत मी त्यांना समुद्र समजावून सांगत होतो. बायको टॅक्सीत पुढे बसली होती. तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं, पण मी त्या वेळी मान्सूनच्या वाऱ्यांवर होतो. वारा अडवणं कुणाला जमलंय?

सासूबाईंना मरलायन नको होता, बागा नको होत्या. त्यांना एकच गोष्ट हवी होती आणि ती त्यांनी पहिल्याच जेवणाला सांगून टाकली. माझे सासरे जहाजावर इंजिनरूममध्ये होते. सिंगापूरला जहाज लांब नांगरायचं आणि लाँच माणसांना एका धक्क्यावर आणून सोडायची. रात्री तिथे लाल दिवा लागायचा, म्हणून हे लोक त्याला लाल दिव्याचा धक्का म्हणत. सासरे घरी आले की या धक्क्याच्या गोष्टी सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, तुला एकदा दाखवीन. दाखवायचं राहिलं. आधी नोकरी, मग गुडघे, मग छातीचं दुखणं, आणि तीन वर्षांपूर्वी ते गेलेच.

ते जहाजावर होते तोवर सासूबाई दर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायच्या आणि एवढंच मागायच्या, की माणूस घरी येऊ दे. ते निवृत्त झाले तरी नारळ थांबला नाही. ते गेले त्या वर्षी मात्र त्या किनाऱ्यावर गेल्याच नाहीत. रागावल्या होत्या, समुद्रावर की सासऱ्यांवर ते त्यांनाच ठाऊक. नंतरही गेल्या नाहीत. आता त्यांचं म्हणणं होतं, की एक नारळ द्यायचा, शेवटचा, आणि तो यांच्या त्या धक्क्यावरच. मग मन मोकळं. जेवताना ताटाकडे बघत त्या हे सांगत होत्या. बायकोचा हात भातातच थांबला. मी घाईघाईने म्हणालो, आई, तो धक्का मला माहीत आहे, तिथूनच माझी टूर सुरू होते. आणि हे खरं होतं. धक्क्याची जुनी इमारत मरलायनच्या शेजारी अजून उभी आहे. आत आता महागडं रेस्टॉरंट आहे, एवढंच.

नारळी पौर्णिमा पुढच्याच आठवड्यात होती. आता नारळ. रस्त्यारस्त्याला माडाची झाडं असलेल्या या बेटावर शेंडीचा नारळ मिळवायला मला अर्धा दिवस लागला. तोआ पायोहच्या मंडईतल्या चिनी आजीबाई फार प्रेमळ आहेत. त्यांनी सोललेला दाखवला, खवलेला दाखवला, दूध काढून पिशवीत भरलेला दाखवला. शेंडी पाहिजे म्हणताना मी स्वतःच्या डोक्यावर हात उभा धरून दाखवला, तेव्हा त्यांनी मला न्हाव्याचं दुकान दाखवलं. शेवटी लिटल इंडियात एका तमिळ दुकानदाराने मागच्या खोलीतून एक काढून दिला.

पुढची अडचण कायद्याची. या देशात साधा कागद टाकला तरी दंड होतो, आणि आम्ही भर शहरात अख्खा नारळ पाण्यात टाकणार. मी एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर आहे. पास रद्द, कारण नारळ, असं लिहून मला विमानात बसवल्याची स्वप्नं मला पडू लागली. मग पुणेरी डोकं चाललं. कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीने नारळ बांधायचा, हळूच पाण्यात सोडायचा, समुद्राला पोचला की वर ओढून घ्यायचा. टाकला नाही म्हणजे कचरा नाही. सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. बांधून दिलेला नारळ देव घेईल का, हा त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, घ्यायचा असेल तर हिसका देईल. त्या नाइलाजाने हो म्हणाल्या, पण 'जावईबापू हुशार आहेत हो' असं लेकीला ज्या सुरात म्हणाल्या, त्यात कौतुक कमीच होतं.

पौर्णिमेला मी रजा टाकली. संध्याकाळी माझ्या लेकीची शाळा सुटल्यावर आम्ही चौघं एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने निघालो. सासूबाई नऊवारीत, मांडीवर नारळ, नारळाला हळदकुंकू आणि निळी दोरी. डब्यातले लोक शिष्टाचार म्हणून फोनमध्ये बघत होते.

मरलायन पाहून सासूबाई म्हणाल्या, हा मासे खाणाऱ्यांचा नरसिंह दिसतोय. मी त्यांना धक्क्याची इमारत दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. दाराजवळ उभ्या असलेल्या सुटातल्या पोराने हसून मेन्यूकार्ड पुढे केलं, त्यालाही त्यांनी नमस्कार केला. मग कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. समोर सगळ्या लखलखणाऱ्या उंच बिल्डिंगा, खाली काळसर, गुळगुळीत पाणी. लाटेचं नाव नाही. त्यांनी एकदा, दोनदा खोल श्वास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जावईबापू, याला वास नाही हो."

मी थांबायला हवं होतं. पण विचारलं की मला सांगावंच लागतं. मी म्हटलं, आई, हा देशच इतका स्वच्छ आहे, इथे समुद्राचीसुद्धा निगा राखतात. भरती-ओहोटीचा एवढा पसारा इथे चालत नाही. सासूबाईंनी मान हलवली. आपल्याला कळत नाही तेवढंच खरं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलू लागले. मी दोरी मनगटाला गुंडाळली, पोलीस दिसतोय का पाहिलं आणि नारळ कठड्यावरून खाली सोडू लागलो.

लेक तोवर शेजारी आइस्क्रीम खात उभी होती. चौथीत आहे, इथेच जन्मलेली. मराठी तिला कळतं सगळं, बोलायचा मात्र कंटाळा; बोलते ती इथलं इंग्रजी, वाक्याच्या शेवटी 'लाह' नाहीतर 'वॉट' चिकटवून. ती म्हणाली, "बाबा, धिस इज नॉट सी लाह. रिझर्व्हॉयर."

मी म्हटलं, काय? तिने मला शांतपणे समजावलं, शाळेत शिकवलेलं जसंच्या तसं. ती जन्मायच्या आधीच खाडीच्या तोंडाशी बंधारा घातला. समुद्र पलीकडे राहिला. आतलं खारं पाणी पावसाने हळूहळू धुऊन गेलं. आता हा गोड्या पाण्याचा तलाव. आधी का नाही सांगितलंस म्हणून मी ओरडलो, तर म्हणाली, यू नेव्हर आस्क वॉट. इतकी वर्षं, इतके पाहुणे, माझा तो लांब केलेला हात! सगळ्यांना मी तलाव दाखवत होतो.

पण माझी फजिती राहू दे. सासूबाईंनी डोळे उघडले होते. "म्हणजे इथे समुद्र नाहीच?" असं त्यांनी विचारलं आणि त्या तिथेच पायरीवर बसल्या. हर्णैहून निघताना त्यांनी गावात सगळ्यांना सांगितलं होतं, यांच्या धक्क्यावर नारळ देऊन येते. धक्का होता तर समुद्र निघून गेला होता. मला एकदम फार वाईट वाटलं. मी म्हटलं, टॅक्सी करू, ईस्ट कोस्टला जाऊ, तिथे खराखुरा समुद्र आहे, जहाजं रांगेने उभी असतात. त्या म्हणाल्या, समुद्र मला घरीही आहे, हे तिथे कुठे उतरले होते? मग मी अर्ध्यातूनच वर ओढून घेतलेला नारळ मांडीवर घेऊन त्याची दोरी सोडायला लागल्या. बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू बंधारा मीच घातला होता.

 परतीच्या गाडीत नोविना स्टेशनच्या आसपास सासूबाईंनी नातीला विचारलं, एवढं पाणी अडवून हे लोक त्याचं करतात काय? लेक म्हणाली, पितो आपण. शुद्ध करतात, बाकीच्या पाण्यात मिसळतात आणि सगळीकडे सोडतात. सासूबाईंनी विचारलं, "आपल्या नळाला?" लेक म्हणाली, "एव्हरीबडीज नळ, आजी."

घरी आल्यावर त्या कपडे न बदलता सरळ स्वयंपाकघरात गेल्या. निरांजन लावलं. सिंकमधली भांडी स्वतः घासून बाजूला ठेवली, ओटा पुसला आणि नळाला हळदकुंकू वाहिलं. आम्ही तिघं दारात उभे. मला सांगायचं होतं, की आई, या नळाला मलेशियाचंही पाणी येतं, समुद्राचं गोडं केलेलंही येतं, त्यात त्या तलावाचं किती हे कुणी सांगू शकणार नाही. मी तोंड उघडलंसुद्धा. बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

सासूबाईंनी नळ बारीक सोडला, दोन्ही हातांनी नारळ त्या धारेखाली धरला आणि जहाजावरून आलेल्या माणसाला दारात म्हणावं तसं म्हणाल्या, "अहो, आलात? हातपाय धुऊन घ्या आधी."

बायको रडायला लागली. लेकीने अजून हातात राहिलेली आइस्क्रीमची काडी गुपचूप डस्टबिनमध्ये टाकली. आणि मी, ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर माहिती असते, ती घासलेली भांडी पुसायला घेतली. 

समुद्राला दिलेला नारळ परत घ्यायचा नसतो. नळाला दिलेल्याचा नियम अजून कुणी केलेला नाही, म्हणून सासूबाईंनी तो फोडला आणि रात्री नारळीभात केला. तीन वर्षांनी केला म्हणाल्या, गूळ जरा जास्त पडला. मी तीनदा वाढून घेतला.

आता माझी टूर बदलली आहे. पाहुणे आले की मी आधी त्यांना स्वयंपाकघरात नेतो, नळाचं पाणी पेल्यात भरून हातात देतो आणि इतिहास-भूगोल तिथूनच सुरू करतो. पाहुणे एकमेकांकडे बघतात. पुणेकर तो पुणेकरच, पाण्यावर भागवतोय, असं म्हणत असणार. म्हणू देत. सासूबाई दर रविवारी हर्णैहून फोन करतात. लेकीची चौकशी होते, नातीची होते, मग त्या मला बोलवायला सांगतात आणि एकच विचारतात, "जावईबापू, पाणी येतंय ना?"

मी म्हणतो, "येतंय, आई. चोवीस तास."