डोळे मिटून घेतलेलं माप

बिघडलेल्या वस्तूला माझे सासरे जितक्या अदबीनं वागवतात, तितक्या अदबीनं त्यांनी एकाही धडधाकट माणसाला वागवलेलं नाही. त्यात त्यांचा एकुलता एक जावई, म्हणजे मी, आलोच. लग्नानंतर पहिल्यांदा उधन्याला त्यांच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा माझ्याआधी माझ्या स्कूटरची विचारपूस झाली. ब्रेक कुरकुरतो एवढंच मी म्हणालो होतो. खापरावरची पुरणपोळी खाऊन बाहेर येतो तो स्कूटरचे सगळे अवयव गोणपाटावर ओळीनं मांडलेले. मी रिक्षानं परत गेलो. तीस वर्षं ते कडोदऱ्याच्या एका कापड कारखान्यात लूमचे मास्तर होते. बिघडलेल्या लूमपाशी आधी थोडा वेळ नुसते उभे राहायचे, मग धाग्यावर बोटं ठेवून डोळे मिटायचे आणि ताण कुठे कमी, कुठे जास्त ते सांगायचे. माप घ्यायचं तेही डोळे मिटूनच. "डोया खोटं सांगतस, बोटं नही," असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एका चालत्या लूमनं त्यांच्या उजव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका नेली. मालक माणूस वाईट नव्हता. त्यानं त्यांना फाटकापाशी खुर्ची टाकून दिली आणि आता आराम करा म्हणाला. सासरे घरी आले आणि हत्यारांची पेटी पलंगाखाली भिंतीपर्यंत सारून दिली. पुढे स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, तेव्हा सासूबाईंनी प्लंबर बोलावला. तो काम करत होता तेवढा वेळ सासरे भिंतीकडे तोंड करून बसले होते. तेव्हापासून त्या घरात काही मोडलं की सासूबाई ते गुपचूप फडताळात लपवून ठेवतात.

अशात एके दिवशी सासरे टॉवेलात गुंडाळून काहीतरी जड घेऊन आले. कुठलासा बंद पडलेला गेमझोन भंगारवाल्यानं उचलला होता, त्यातला बॉलिंगचा चेंडू. काळानिळा, तेलकट, आणि बोटांच्या भोकांमधून चांगली चीर गेलेला. "लोणच्याच्या बरणीवर ठेवायला का?" असं म्हणून मी हसलो. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"पाव्हना, हासू नका. दोन वरीसमा पहिलांदाव पेटी उघाडी त्यासनी."

मला माझीच लाज वाटली. त्यानंतर मी त्या चेंडूबद्दल फक्त आदरानंच बोललो, आणि ते सोपं नव्हतं. कारण चेंडूला रोज कढत पाण्याची आंघोळ घातली जात होती. चेंडू सोडायच्या लाकडी लेनवर तेल लावतात, ते वर्षानुवर्षं पिऊन तो आतून फुगलाय, असं सासऱ्यांचं निदान होतं, आणि खरोखरच बादलीत तेलाचा तवंग यायचा. आठवडाभर तो न्हाला. मग त्यांनी पक्का लगदा कालवून चीर बुजवली, जुनी भोकंही बुजवली, आणि पॉलिशपेपरनं घासून चेंडू इतका गुळगुळीत केला की त्यात पंखा दिसायला लागला. नवी भोकं आपल्या हाताच्या मापाची पाडायची होती. चेंडूवर उजवा पंजा ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हातातल्या खडूनं चाचपत एकेका बोटाशी खूण केली. मग गच्चीवर ड्रिल मशीन लावून भोकं पाडली.

अंगठा बसला. मधलं बोट बसलं. तिसरं, अनामिकेचं भोक रिकामं राहिलं. डोळे मिटल्यावर त्यांना ते गेलेलं बोट अजून जाणवत होतं, आणि बोट खोटं सांगत नाही हा नियम तर त्यांचाच. त्यांनी चेंडू मांडीवर घेतला आणि बराच वेळ त्या भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. पेटी पुन्हा पलंगाखाली जाणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

ती गेली नाही. चेंडू किती वळतो याच्या चाचण्या सुरू झाल्या. आधी घरातल्या कोरड्या फरशीवर. तिथे चेंडू फार वळून फ्रीजला धडकला. मग त्याच फरशीवर गोडंतेल पुसून. तिथे तो मुळीच वळला नाही, आणि सासूबाई मात्र पडता पडता वाचल्या. मग पलसाण्याला, त्यांच्या भाच्याच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, तिथल्या ओल्या फरशीवर. शेवटी एका रविवारी मी त्यांना मॉलमध्ये घेऊन गेलो. बाहेरचा चेंडू चालत नाही म्हणणाऱ्या व्यवस्थापकाला मी हात जोडले. तोवर सासरे लेनच्या कडेला गुडघ्यांवर बसून, हात पुरेल तिथपर्यंत लाकूड चाचपत पुढे सरकतही होते. खेळणारी मंडळी बघत राहिली.

"तेल पुढे सरी जास," ते मला म्हणाले. "मंग कोरडं शे. तठे वळी तो."

पहिल्या वेळी चेंडू लेनच्या कडेच्या नालीत गेला. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले. चेंडू तेलावरून सरळ घसरत गेला, तेल संपलं तिथे शहाण्यासारखा वळला, आणि सात पिना पडल्या. सासऱ्यांनी पिनांकडे पाहिलंच नाही. ते आपल्या पंजाकडे पाहत होते.

"हात शे अजून," ते म्हणाले.

मालकानं त्यांना अजूनही फाटकावरच ठेवलंय. पण लूम अडला की कारागीर आता त्यांना बोलवायला फाटकापर्यंत येतात, आणि खुर्ची तासन् तास रिकामी असते. फडताळही सासूबाईंनी रिकामं केलं. ते तिसरं भोक बुजवून टाका, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "राहू द्या," ते म्हणाले, "त्या बोटनी जागा शे ती."

यंदा खंडेनवमीला पाटावर पाने, पक्कड, हातोडी मांडली, आणि मधोमध चेंडू. सगळ्यांना हळदकुंकू वाहून झाल्यावर सासूबाईंनी उदबत्ती पेटवली, उदबत्तीचं घर शोधलं, ते सापडलं नाही, आणि ती त्या तिसऱ्या भोकात खोचली. ती जळून संपेपर्यंत सासरे तिथेच बसून होते, आणि मग राख त्यांनी आपल्या हातानं पुसून घेतली.