बर्फगाडीतली मधली सीट

आमच्या रोझेरला बसवत नाही. लग्न झालं तेव्हाही बसवत नव्हतं. आमच्याच लग्नाच्या जेवणात हा नवरदेव टेबलाखाली शिरून डगडगणाऱ्या पायाला पाचर ठोकत होता. सासूबाई मला म्हणाल्या, "आर्मांद, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. हातोडी-खिळे हाताशी ठेवत जा, म्हणजे निदान घरात तरी राहील." ठेवले. जन्मभर ठेवले.

पण परवाच्या वर्षीची त्याची चुळबुळ निराळी होती. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला उजवा हात टेबलावर सैल सोडायला सांगितला आणि तो हात आपला आपणच थरथरत राहिला. "कंपवात आहे. औषधांनी सावकाश वाढेल, पण थांबणार नाही," त्या म्हणाल्या. रोझेर घरी आला आणि बूटही न काढता म्हणाला, "बाबांची गाडी आणतो."

बाबांची गाडी म्हणजे बर्फगाडी. पुढे चाकांच्या जागी दोन स्की, मागे रबराचे रुंद पट्टे, लाकडी अंग, बोटीला असतात तशा गोल खिडक्या. ड्रायव्हरची सीट ना डावीकडे ना उजवीकडे, बरोबर मध्यभागी. हिवाळ्यात रस्ते बर्फात बुडाले की माझे सासरे तिच्यातून शाळेची पोरं, टपाल, फादर आणि अडलेल्या बाया गोठलेल्या तळ्यावरून पलीकडच्या गावाला न्यायचे. पुढे बर्फ काढणारी यंत्रं आली, रस्ते बारा महिने उघडे राहायला लागले आणि गाडी विकली गेली. फिरत फिरत ती आमच्या शेजाऱ्याच्या, व्हियातूरच्या, कुरणाच्या टोकाला येऊन कुजत पडली होती. तिच्या तळातून बर्चचं झाड उगवून छताच्या झडपेतून वर आलं होतं.

"झाड तेवढं ठेव," व्हियातूर म्हणाला. "त्यात धड असं तेच आहे."

"तुझ्यापेक्षा गाडी बरी आहे," रोझेर म्हणाला आणि करवत चालवायला लागला.

त्याला काय हवं होतं ते त्यानं मला एकदाच सांगितलं. फेब्रुवारीत आमच्या गावाचा हिवाळी उत्सव असतो. त्या रविवारी प्रार्थना झाली की गाडी तळ्यावरून पलीकडच्या चर्चपर्यंत न्यायची, बाबा न्यायचे तशी. एकदाच. हात चालतोय तोवर.

झालं, घराची शांतता संपली. माझं उन्हाळी स्वयंपाकघर त्यानं बळकावलं. ज्या मोठ्या पातेल्यात मी दर सप्टेंबरला टोमॅटो शिजवते, त्याच्या वाफेवर हा ॲश झाडाच्या लाकडी पट्ट्या धरून गाडीच्या फासळ्या वाकवत होता. घरभर ओल्या लाकडाचा वास. स्क्रू पडायचा, हा शिवी हासडायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा पडायचा. मी मदतीला गेले की, "जा तू, सूप बघ."

"सूप कुठं पळून जातंय?"

"मग माझा स्क्रू तरी कुठं पळतोय?"

सगळ्या कामांत मला एकाच कामाला बोलवायचा. "आर्मांद, जरा सीटवर बस, दिवा लागतो का बघ." हात पिठाचे असले तरी जायचं. बसायचं. दिवा लागायचा. "आता हॉर्न दाब." दाबायचा. "आता जरा पाय खाली सोड, पत्रा गरम लागतो का सांग." बंद इंजिनाचा पत्रा कसला गरम लागतोय! मी फणफणत घरात यायचे. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते. तो स्वस्थ बसला तर हात दिसायचा, म्हणून तो स्वस्थ बसत नव्हता, हे मला कळत होतं.

जानेवारीत शेडमध्ये गाडी उभी राहिली. निळा रंग, खिडक्यांना नव्या काचा, इंजिन पहिल्या फटक्यात खोकलं आणि दुसऱ्याला बोललं. आता उत्सवापर्यंत करायला काहीच उरलं नाही, आणि तीच मोठी पंचाईत झाली. हा येरझाऱ्या घालायचा. खिडकीतून तळ्याकडे बघायचा, परत फिरायचा. मग त्याला शेडपुढचा उतार आठवला. पट्टे खडीवर घासू नयेत म्हणून दारापुढे बर्फ चोपून त्यावर पाणी ओततात, म्हणजे गोठून टणक होतं. एकदा-दोनदा ओतलं की पुरतं. हा रोज जेवण झालं की बादली घेऊन बाहेर. "पुरे रे," मी म्हणायचे. पण पालथ्या घड्यावर पाणी.

उत्सवाचा रविवार उजाडला. थंडी अशी की नाकातले केस कडकडत होते. प्रार्थना सुटल्यावर अर्धं गाव आमच्या अंगणात. मी शेडमध्ये गेले तर हा गाडीत आधीच बसलेला, आणि पहिला गिअर टाकत होता. दोन्ही हातांनी. मी काही न पाहिल्यासारखं केलं आणि दार उघडलं.

व्हियातूरनं आत डोकावून पाहिलं. "अरे, गुडघे कानाला लागलेत की तुझे! बाहुलीच्या गाडीत बसलायस का?"

"हिच्यात असंच बसतात," रोझेर म्हणाला.

"तुझे बाबा तुझ्याएवढेच उंच होते. ते नव्हते असे बसत."

रोझेरनं क्लच सोडला. गाडी घरघरत निघाली, स्की दाराबाहेर आल्या आणि त्या उतारावर चढायला लागल्या. उतार कसला, टेकडी झाली होती. नाक वर, वर, आणि कडाडकन छत दाराच्या चौकटीला जाऊन अडकलं. गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर.

 मग व्हियातूर हसत हसत बर्फावर बसलाच. "ऑक्टोबरात चौकट मोजलीस ना रे? आणि मग हिवाळाभर अंगण वाढवत बसलास! आपल्याकडं जन्मलास आणि बर्फ वर चढतो हे विसरलास?"

रोझेरनं चर्चमधल्या सगळ्या भांड्याकुंड्यांची नावं एकापाठोपाठ घेतली. आमच्याकडे शिव्या त्याच. पण मंडळी आपली. तळ्यावर मासे धरायला आणलेल्या बर्फ फोडायच्या पहारी उचलल्या आणि उतार फोडायला लागली. ज्यानं तो बादली बादलीनं रचला, तो गाडीत बसून बघत होता. बाया वाटाण्याच्या सुपाचे पेले फिरवत होत्या.

उतार फोडून सपाट झाला. आता गाडी जरा मागे घ्यायची आणि मग बाहेर काढायची. त्यासाठी गिअर बदलायला हवा होता.

रोझेरनं दांड्यावर हात ठेवला. हात उडायला लागला. दांडा करकरला, इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा करकर, पुन्हा बंद. त्यानं डाव्या हातानं उजवा मनगटाशी धरला, तरी नाही.  व्हियातूर दुसरीकडे बघत टोपी नीट करत होता. मला वाटलं जाऊन सगळ्यांना हाकलून द्यावं.

रोझेर खाली उतरला. "आर्मांद, तू बस."

"मी? वेडबिड लागलंय का? मला ट्रॅक्टर येतो, ही बया येत नाही."

"ट्रॅक्टरसारखीच आहे. बस."

बसले. मी बुटकी आहे. चर्चच्या बाकावर माझे पाय लोंबतात. आमच्या ट्रॅक्टरच्या पेडलांना लाकडाचे ठोकळे बांधलेत, माझ्यासाठी. मी सवयीनं पाय ताणला आणि टाच सरळ क्लचवर टेकली. ब्रेकही तिथंच, वीतभरावर. गिअरचा दांडाही माझ्या बाजूला वाकवलेला. सीट पुढे, सीट उंच. दिवा लागतो का, हॉर्न वाजतो का, पत्रा गरम लागतो का.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सीट जोडली तेव्हापासून."

"मग मघाशी स्वतः का बसलास, मेल्या?"

तो बर्फाकडे बघत म्हणाला, "एकदा बघावं म्हटलं."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि मिठी मारावीशी वाटली, आणि दोन्हीला वेळ नव्हता, कारण व्हियातूर मागचं दार उघडून आधीच आत चढला होता. त्याच्यामागे आणखी मंडळी चढली. रोझेर सगळ्यांत शेवटी. मी गाडी मागे घेतली, मग चौकटीखालून सरळ बाहेर काढली आणि तळ्यावर उतरवली.

"उजवीकडे घे! तिथं झरा आहे, बर्फ पातळ असतो," मागून रोझेर.

"मला माहितेय. तू बस."

"बस ना रे," व्हियातूरही म्हणाला. "जागा आहे की."

आरशात पाहिलं तर हा उभाच, डाव्या हातानं खिडकीचा स्क्रू पिळत. मग पुढे आला आणि माझ्या सीटच्या पाठीला धरून उभा राहिला. पलीकडच्या चर्चची घंटा ऐकू यायला लागली तरी बसला नाही. त्याच्या उजव्या हाताची थरथर सीटमधून माझ्या पाठीला लागत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी गिअर बदलला.