अ‍ॅक्सोलॉटलला बिस्किटं

दिवाळीनंतर एक रशियन इंजिनिअर मायदेशी परत निघाला आणि त्याच्या बायकोनं आपले दोन अ‍ॅक्सोलॉटल काचेच्या टाकीसकट आमच्या शाळेला दिले. भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन विज्ञान शिकवायला लागले होते. वीतभर लांबीचे पांढरे जीव, मानेशी गुलाबी झालरीसारखे कल्ले. मुलं त्यांना पाण्यातली पाल म्हणायची.

त्या रशियन बाईंनी दुभाष्याला बसवून तासभर मला फक्त त्यांच्या खाण्याबद्दल सांगितलं. दोन दिवसांआड गांडुळं. फार जाड नकोत. पाव, भात, मिठाचं काहीही नको. उरलेलं लगेच काढायचं, नाहीतर पाणी सडतं. मी सगळं वहीत लिहून घेतलं.

सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरमागे मी खुरपं घेऊन बसले, तेव्हा बाबांनी अडवलं. बाबा भंडाऱ्याकडचे धानाचे शेतकरी, आता कारखान्यात कामगार.

"इथले नको घेऊ. मच्छरवाले कालच पावडर मारून गेले. जहर खाऊ घालतं का त्याईले?"

मग रविवारी सायकलवर आम्ही हथखोज गावाकडे गेलो. तिथल्या धानाच्या बांधातली गांडुळं बाबांनी एकेक निवडून ओल्या मातीसकट डब्यात भरली. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "पोरीच्या लग्नाचं पाहाचं सोडून किडे खोदून राह्यले!"

महिनाभर दोन्ही अ‍ॅक्सोलॉटल छान खात होते. डिसेंबरात शाळेत पाहुणे यायचे ठरले. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी शाळेत ठेवलेला गांडुळांचा डबा उघडून पाहिला आणि शिपायाला तो नालीत ओतायला लावला.

"सर, तेच त्यांचं अन्न आहे."

"बाई, ही शाळा आहे. पाहुण्यांसमोर असली घाण चालणार नाही."

पाहुण्यांच्या वेळी मला स्वागतगीताला उभं केलं. ते संपवून मी प्रयोगशाळेत आले तेव्हा मुख्याध्यापक स्वतःच्या हातानं टाकीत बिस्किटं टाकत होते. पाहुण्यांच्या बायका हसत होत्या, त्यांची मुलंही चुरा टाकत होती. मी पुढे झाले, तर सर दात आवळून म्हणाले, "नंतर." मी थांबले. त्या थांबण्याचा राग आजही माझा मलाच येतो. पाहुणे गेल्यावर सरांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून तेही गेले.

सकाळी पाणी पेजेसारखं पांढरं झालं होतं. एक जण फुगून उलटा तरंगत होता. दुसरा जिवंत होता, पण तळाशी कल्ले मिटून पडला होता. मुख्याध्यापकांनी रजिस्टर पुढे सरकवलं. 'उष्णतेने मृत्यू,' त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. बाहेर मुलं स्वेटर घालून उभी होती.

"सही करा."

"बिस्किटांनी मेला, सर. तुमच्या बिस्किटांनी."

"नोकरी करायची आहे ना?"

मी रजिस्टर मिटलं. दुसऱ्याला स्वच्छ पाण्याच्या बादलीत घातलं आणि भर शाळेतून, सगळ्यांच्या देखत चालत घरी नेलं. आईनं बादलीत डोकावून पाहिलं आणि पाण्याचा मोठा माठ रिकामा करून दिला.

चार दिवसांनी मेमो आला : शाळेची मालमत्ता परवानगीशिवाय नेली. मी तो बाबांना वाचून दाखवला.

बाबा म्हणाले, "लिहून दे, नेला म्हून. पन काऊन नेला, थेही लिव. काही सोडू नको."

मी चार पानं लिहिली. डबा, बिस्किटं, कुलूप, रजिस्टर, सगळं. एक प्रत वरच्या अधिकाऱ्यांना पाठवली. उत्तर आलंच नाही. माझी वार्षिक पगारवाढ मात्र त्या वर्षी अडली, आणि मुख्याध्यापकांना बढती मिळाली.

वाचलेला जीव घरी आणल्यावर आठवडाभर काही खाईना. आठव्या दिवशी बाबांनी बारीक गांडूळ चिमटीत धरून त्याच्या तोंडासमोर हलवलं. त्यानं ते झडप घालून ओढलं. बाबा पोरासारखे ओरडले, "खाल्लं ना बे!" मी हसले नाही. मला अजूनही ती खोली, ते कुलूप दिसत होतं.